विंडहोकला जाताना : नामिबियाच्या राजधानीसाठी दोन दिवसांची व्यवहारी तयारी

नामिबियाला जाणारे बहुतेक पर्यटक विंडहोकमध्ये जेमतेम एक रात्र काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी ताब्यात घेतात आणि सोसुसफ्लेच्या तांबड्या वाळूच्या टेकड्यांकडे किंवा एटोशाच्या अभयारण्याकडे निघून जातात. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतही या शहराच्या वाट्याला बहुधा ‘आगमन व विश्रांती’ एवढीच ओळ आलेली असते. हा शहरावर अन्याय आहेच, शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ते तोट्याचे ठरते; कारण पुढच्या हजार-दोन हजार किलोमीटरच्या प्रवासाला लागणारी रोख रक्कम, सिमकार्ड, किराणा आणि गाडीची तपासणी हे सगळे इथेच उरकावे लागते, आणि घाईत उरकलेल्या कामांचा त्रास नेमका जिथे पन्नास-शंभर किलोमीटरवर दुसरे माणूस नसते तिथे होतो. म्हणून विंडहोकसाठी दोन पूर्ण दिवस राखून ठेवावेत, आणि शक्यतो ते दोन्ही कामाचे वार असावेत. हे शहर दिवसाउजेडी आणि सोमवार ते शुक्रवार चालणारे आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून आखणी केली, की निम्म्या अडचणी आपोआप टळतात.

वार आणि ऋतू

शनिवारी दुपारनंतर मध्यवर्ती भागातली दुकाने बंद होऊ लागतात आणि रविवारी तर इंडिपेंडन्स ॲव्हेन्यू हा मुख्य रस्ताही ओस पडलेला असतो. मोठे मॉल रविवारी काही तास उघडे राहतात, पण मद्याची दुकाने बंद असतात. शनिवारी संध्याकाळी उतरून सोमवारी सकाळी निघणाऱ्या माणसाला विंडहोक ‘बघण्यासारखे काही नसलेले गाव’ वाटले, तर त्यात नवल नाही. सार्वजनिक सुट्ट्याही आधीच पाहून ठेवाव्यात : २१ मार्च हा स्वातंत्र्यदिन (देश १९९० साली स्वतंत्र झाला), ४ मे, २५ मे, २६ ऑगस्ट आणि १० डिसेंबर या तारखांना कार्यालये व बरीच दुकाने बंद असतात. नाताळ ते नववर्ष या काळात शहरातली माणसे समुद्रकिनारी किंवा उत्तरेकडच्या आपापल्या गावी जातात आणि राजधानी अर्धी रिकामी होते.

हवामानाचा विचार करताना आपले ऋतू उलटे धरावेत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंचीवर, डोंगरांच्या मधोमध वसले आहे. जून ते ऑगस्ट हा हिवाळा : दुपारी वीस अंशांच्या आसपास सुखद ऊन, आणि रात्री पारा कधी कधी शून्याच्या जवळपास. घरांत आणि साध्या गेस्ट हाउसमध्ये खोली गरम ठेवण्याची सोय नसते, त्यामुळे ‘आफ्रिकेत कसली थंडी’ म्हणून स्वेटर घरी ठेवणाऱ्यांची पहिली रात्र पांघरुणात कुडकुडत जाते. पाऊस मुख्यतः जानेवारी ते मार्च या महिन्यांत, दुपारनंतर गडगडाटासह येतो आणि वर्षभराची बेरीज पुण्याच्या पावसाच्या साधारण निम्मी भरते. मे ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा आहे. ऋतू कोणताही असला तरी हवा अतिशय कोरडी असते. ओठ फुटतात, नाकातून क्वचित रक्त येते आणि घाम वाळून जात असल्याने अंगातले पाणी कमी झाल्याचे कळतही नाही. व्हॅसलिन, टोपी आणि सनस्क्रीन या तीन वस्तू चैनीच्या समजू नयेत.

सूर्यास्ताची वेळही आखणीत धरावी. जूनमध्ये सव्वासहाच्या सुमारास, तर डिसेंबरमध्ये साडेसातनंतर सूर्य मावळतो. पायी फिरण्याचा कार्यक्रम त्याच्या तासभर आधी संपवण्याचा नियम करावा. घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते.

कागदपत्रे आणि विमान

भारतीय पासपोर्टधारकांना नामिबियासाठी व्हिसा लागतो. देशाने १ एप्रिल २०२५ पासून व्हिसाची पद्धत बदलली आहे, त्यामुळे त्याआधी जाऊन आलेल्या मित्राच्या सल्ल्यावर विसंबू नये. तिकीट काढण्यापूर्वी नवी दिल्लीतील नामिबियाच्या उच्चायुक्तालयाच्या किंवा त्यांच्या गृहखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम वाचावेत आणि मंजुरीची छापील प्रत हातातल्या सामानात ठेवावी. पासपोर्ट परतीनंतर किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात कोरी पाने शिल्लक हवीत. अठरा वर्षांखालील मूल बरोबर असेल तर आई-वडिलांची नावे असलेला त्याचा इंग्रजी जन्मदाखला न्यावा. पालकांपैकी एकच जण बरोबर असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्रही जोडावे.

मुंबईहून विंडहोकला थेट विमान नाही. आदिस अबाबामार्गे जाणे किंवा जोहान्सबर्गला विमान बदलणे हे दोन मार्ग नेहमीचे आहेत. जोहान्सबर्गच्या मार्गात एक खोच आहे. दोन्ही टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर तिथे बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागू शकतात, आणि बॅगा घ्यायच्या म्हणजे दक्षिण आफ्रिकेत प्रवेश करायचा. त्यासाठी त्या देशाचा व्हिसा हवा. चार-पाच हजार रुपये वाचवण्याच्या नादात हा घोळ ओढवून घेण्यापेक्षा सामान थेट विंडहोकपर्यंत जाईल असे एकच तिकीट काढावे. आदिस अबाबा किंवा नैरोबी इथे बारा तासांहून जास्त थांबा असेल अथवा विमानतळाबाहेर पडायचे असेल, तर पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ असलाच पाहिजे. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. या देशांतून परतताना आपल्या विमानतळावरही तो दाखला मागितला जाऊ शकतो. विंडहोक शहरात मलेरियाचा प्रश्न नाही, मात्र पुढे एटोशा किंवा त्याच्याही उत्तरेला पावसाळ्यात जायचे असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू कराव्यात.

पैसा

नामिबियन डॉलर हे चलन दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक या प्रमाणात बांधलेले आहे आणि नामिबियात रँडही राजरोस चालतो. उलट मात्र खरे नाही : नामिबियन डॉलर देशाबाहेर जवळजवळ कोणी घेत नाही. यातून भारतीय प्रवाशासाठी सोपी वाट निघते. आपल्याकडच्या बँकांच्या फॉरेक्स कार्डवर नामिबियन डॉलर भरता येत नाही, पण रँड भरता येतो. तेव्हा कार्डावर रँड भरावेत, थोडे रँड रोख न्यावेत आणि उरलेली रोकड तिथल्या एटीएममधून काढावी. एक नामिबियन डॉलर म्हणजे साधारण पाच रुपये असे धरून हिशेब केला तर खिशाला अनपेक्षित चटका बसत नाही. शहरात व्हिसा आणि मास्टरकार्ड सगळीकडे चालतात. एकट्या रुपे कार्डाच्या भरवशावर जाऊ नये. भारताच्या यूपीआयसारखी व्यवस्था उभारण्याचा करार नामिबियाच्या मध्यवर्ती बँकेने २०२४ मध्ये केला आहे खरा, पण ती बातमी वाचून फोनवरून पैसे देता येतील असे गृहीत धरू नये.

एटीएम मॉलमधले किंवा बँकेच्या आतले वापरावे. यंत्राशी झटापट करताना कोणी मदतीला पुढे आले, कितीही सभ्य दिसले, तरी व्यवहार रद्द करून कार्ड काढून घ्यावे आणि तिथून निघावे. शेवटच्या दिवशी हातात नामिबियन नोटा उरणार नाहीत असे पाहावे. दुकानदाराकडे सुटे रँडमध्ये मागितले तर ते बहुधा मिळतात.

उतरल्यावर

होसेया कुटाको आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर, झुडपी माळरानात आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कुनोला आलेल्या आठ चित्त्यांनी भारताकडचा प्रवास इथूनच सुरू केला होता. विमानतळ लहान आहे आणि दोन-तीन विमाने एका वेळी उतरली तर पासपोर्ट तपासणीची रांग तासाभराची होते. खिडकीवरून हलण्यापूर्वी शिक्क्यावर मुक्कामाचे किती दिवस लिहिले आहेत ते तिथेच, डोळ्यांनी वाचून, परतीच्या तारखेशी ताडून पाहावे. अधिकारी आपण सांगितलेले दिवस हाताने लिहितात. चूक नंतर दुरुस्त करायला गृहखात्याच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि लक्षात न येता मुदत उलटली तर प्रकरण दंडावर जाते.

बाहेर येण्यापूर्वी एमटीसी या कंपनीचे सिमकार्ड घ्यावे. नोंदणीसाठी पासपोर्ट लागतो. ‘अवेह’ नावाची आठवड्याची योजना पर्यटकाला पुरेशी होते. विमानतळावरून शहरात जायला सार्वजनिक बस नाही. मुक्कामाच्या ठिकाणाला कळवून गाडी आधीच ठरवावी. विमान रात्री पोहोचणार असेल तर भाड्याची गाडी त्याच रात्री स्वतः चालवत शहरात आणण्याचा मोह टाळावा, कारण रस्त्याच्या कडेने रानडुकरे चरत असतात आणि दिव्यांच्या झोतात ती कुठे पळतील याचा नेम नसतो.

मुक्कामासाठी क्लाइन विंडहोक, एरोस आणि विंडहोक वेस्ट ही उपनगरे चांगली आहेत. भिंतीवर विजेच्या तारा, फाटकाला कुलूप आणि आत बागेतली शांत घरे असा तिथला एकूण थाट; पहिल्यांदा पाहताना दचकायला होते, पण शहरातले सगळेच मध्यमवर्गीय जीवन त्या तारांच्या आत चालते. गाडी आवारात लावायला जागा आहे का, हे आरक्षणापूर्वी विचारावे. विजेचा सॉकेट तीन जाड गोल पिनांचा असतो. आपल्याकडे गिझरला किंवा एसीला जी पंधरा-सोळा अँपियरची मोठी पिन असते, ती त्यात बसते. त्यामुळे परदेशी ॲडॉप्टर विकत घेण्यापेक्षा घराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मोठ्या पिनेची एक एक्स्टेंशन बोर्ड नेली, तर घरातल्या सगळ्यांचे फोन तिच्यावर चार्ज होतात.

शहरात फिरणे

रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक टॅक्सी शेअर पद्धतीच्या असतात. चालक हॉर्न वाजवत येतो, जाण्याची दिशा विचारतो, जमत असेल तर बसवून घेतो आणि वाटेत इतरांना घेत-सोडत जातो. भाडे माणशी ठरलेले असते. नोंदणीकृत टॅक्सीच्या दारावर मोठ्या अक्षरांत क्रमांक रंगवलेला असतो, तो नसलेल्या गाडीत बसू नये. नवख्या माणसाने, विशेषतः सामान बरोबर असताना किंवा अंधार पडल्यावर, ‘लेफा’ या स्थानिक ॲपवरून गाडी मागवावी अथवा गेस्ट हाउसच्या ओळखीचा चालक घ्यावा. पालिकेच्या बस मुख्यतः कामगारांच्या वेळांना धावतात. पर्यटकाच्या उपयोगी त्या क्वचितच पडतात.

दिवसा मध्यवर्ती भागात चालणे सुरक्षित म्हणता येईल, अंधार पडल्यावर नाही. इथले बहुतेक गुन्हे खिसेकापूपणाचे आणि गाडीची काच फोडून बॅग पळवण्याचे असतात. गळ्यात कॅमेरा आणि हातात फोन धरून नकाशा बघत चालणे टाळावे, नकाशा दुकानात शिरून बघावा. गाडी लावताना आत अगदी रिकामी पिशवीही दिसू देऊ नये. ॲव्हिस धरणाभोवतीची पायवाट सुंदर आहे, पण तिथे एकट्याने जाऊ नये. पोलिसांसाठी क्रमांक १०१११. भारताचे उच्चायुक्तालय शहरातच आहे. त्याचा पत्ता आणि आपत्कालीन दूरध्वनी निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावा, कारण फोन चोरीला गेला तर त्यातला क्रमांकही जातो. राष्ट्रपतींच्या निवासस्थानाचे छायाचित्र काढण्यास मनाई आहे.

बोलण्याचा एक संकेत पाळला तर कामे झटपट होतात. दुकानात, पेट्रोलपंपावर किंवा कार्यालयात थेट प्रश्न विचारणे उद्धट समजले जाते. आधी नमस्कार, मग ‘कसे आहात’, त्याचे उत्तर ऐकून घेणे, आणि नंतर काम. कारभाराची भाषा इंग्रजी असल्याने संवादाची अडचण येत नाही, पण कानावर आफ्रिकान्स, ओशिवाम्बो, ओचिहेरेरो आणि जर्मनही सतत पडत राहते.

पहिला दिवस : टेकडीवरचा इतिहास

सकाळी नऊच्या सुमारास पोस्ट स्ट्रीट मॉल या पादचारी रस्त्यापासून सुरुवात करावी. तिथल्या कारंज्यापाशी लोखंडी खांबांवर गिबियन इथे सापडलेल्या उल्का बसवलेल्या आहेत. अवकाशातून पडलेल्या त्या लोखंडावरून हात फिरवता येतो, आणि जगातल्या फार थोड्या शहरांत ही सोय भर बाजारात आहे. काही खांब रिकामे दिसतील. त्यांवरच्या उल्का चोरीला गेल्या आहेत.

तिथून इंडिपेंडन्स ॲव्हेन्यूने झू पार्कपर्यंत आणि मग फिडेल कॅस्ट्रो स्ट्रीटच्या चढाने क्राइस्ट चर्चकडे जावे. वाळूच्या दगडाचे हे लूथरन चर्च १९०७ ते १९१० या काळात, जर्मन सत्ता असताना बांधले गेले आणि त्याची रंगीत काचेची तावदाने सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने दिली. इमारत देखणी आहे, पण आत गेल्यावर भिंतीवरच्या धातूच्या फलकांपाशी थांबावे. वसाहतीच्या लढायांत मेलेल्या जर्मन सैनिकांची नावे तिथे ओळीने कोरलेली आहेत. त्याच लढायांत, १९०४ ते १९०८ या काळात, हेरेरो आणि नामा या समाजांतील हजारो माणसांना ठार मारले गेले, वाळवंटात तहानेने मरायला हाकलले गेले आणि छळछावण्यांत कोंडले गेले. त्यांचे एकही नाव त्या भिंतीवर नाही.

चर्चच्या पलीकडे, दोन मिनिटांवर, आल्टे फेस्टे हा १८९० साली बांधलेला जर्मन लष्कराचा किल्ला आहे. त्याच्या परिसरात अशीच एक छावणी होती. किल्ला बरीच वर्षे आतून बंद आहे, त्यामुळे तो बाहेरूनच पाहावा लागतो. त्याच्यासमोर १९१२ मध्ये उभारलेला घोडेस्वार जर्मन सैनिकाचा पुतळा होता. तो २०१३ च्या डिसेंबरमध्ये हलवून किल्ल्याच्या अंगणात ठेवण्यात आला. आता त्या भागात देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुजोमा यांचा पुतळा आणि नरसंहारातील बळींचे स्मारक उभे आहे. मागे उत्तर कोरियाच्या कंपनीने बांधलेले, २०१४ मध्ये खुले झालेले स्वातंत्र्य स्मारक संग्रहालय दिसते. त्याचा सोनेरी-काळसर आकार पाहून गावकरी त्याला कॉफीची किटली म्हणतात, आणि ते नाव एकदा ऐकले की दुसरे काही सुचत नाही. बाहेरच्या भिंतीवरून वर जाणाऱ्या काचेच्या लिफ्टने सर्वांत वरच्या मजल्यावर जावे. शहराची रचना, डोंगरांची कड आणि वायव्येला पसरलेला कटुतुराचा भाग तिथून एका नजरेत येतो. आतली चित्रे आणि पुतळे प्रचारकी थाटाचे आहेत हे मान्य करूनही तासभर तिथे द्यावा. भारतीय प्रेक्षकाला एक दुवा ठाऊक असलेला बरा : १९८९-९० मध्ये स्वातंत्र्याच्या संक्रमणावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे नेतृत्व भारतीय लष्करातील निवृत्त लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद यांच्याकडे होते.

पुढे संसदेची बाग आहे. झाडांच्या सावलीत डबा खायला याहून चांगली जागा शहरात नाही. टिंटेनपालास्ट ही १९१२-१३ मध्ये बांधलेली जर्मन कारभाराची इमारत आज संसद आहे. आत जायचे असेल तर कामाच्या वारी, आधी विचारून आणि पासपोर्ट घेऊन जावे लागते.

दुपारी उतारावरून खाली टाल स्ट्रीटवरच्या नामिबिया क्राफ्ट सेंटरकडे यावे. टोपल्या, मण्यांचे दागिने, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाच्या माळा इथे ठरलेल्या किमतीत मिळतात आणि पैसा कारागिरांपर्यंत पोहोचतो. वाटेत मात्र एक गमतीदार सापळा असतो. एखादा तरुण गप्पा मारत मारत आपले नाव विचारतो, मुलांची नावे विचारतो, आणि बोलता बोलता मकलानी ताडाच्या कठीण बीवर चाकूने ती नावे कोरून आपल्या हातात ठेवतो. नाव कोरलेली बी दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही, तेव्हा आता घ्याच, हा पुढचा संवाद. वस्तू सुंदर असते, कसबही खरे असते. घ्यायची असेल तर भाव आधी ठरवावा, नसेल तर हसून नाव न सांगता पुढे जावे.

दुसरा दिवस : कटुतुरा

जर्मनांनंतर आलेल्या वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीत शहराच्या जुन्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना उठवून वायव्येच्या माळावर नेऊन वसवण्यात आले. या सक्तीच्या स्थलांतराला विरोध करणाऱ्या जमावावर १० डिसेंबर १९५९ रोजी गोळीबार झाला आणि त्यात अकरा माणसे मारली गेली. १० डिसेंबरची सुट्टी त्याच स्मरणार्थ असते. तो माळ म्हणजे आजचे कटुतुरा. शहराचा मोठा हिस्सा आज तिथेच राहतो, आणि ते न पाहता विंडहोक पाहिले म्हणणे म्हणजे गिरगाव-परळ टाळून मुंबई पाहिल्यासारखे आहे.

इथे स्थानिक वाटाड्याबरोबर जावे, पायी किंवा सायकलवरून अशा दोन्ही प्रकारच्या फेऱ्या मिळतात. सकाळी दहा-अकराला पोहोचून सिंगल क्वार्टर्सच्या बाजारात थांबावे. कपाना म्हणजे लोखंडी जाळीवर उघड्यावर भाजलेले गोमांस; विकणारा सुरीने लहान तुकडे करत जातो, गिऱ्हाईक उभ्या उभ्या एखादा तुकडा चाखते, कागदावरच्या तिखट-मिठात बुडवते, आवडले तर तेवढ्या पैशांचे आणखी मागते. धूर, सुऱ्यांचा आवाज आणि जाळीभोवतीची गर्दी हा सगळा अनुभव मांस न खाणाऱ्यालाही घेता येतो. बाजूला टोमॅटो-कांद्याची चटणी आणि तळलेले फुगीर पाव मिळतात; मात्र ते कशात तळले आहेत हे विचारून घ्यावे.

त्याच बाजारात धान्याच्या ढिगांत महांगू दिसेल. ती आपली बाजरी आहे. उत्तरेकडच्या ओवाम्बो लोकांचे ते मुख्य अन्न असून तिच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, ओशिफिमा, हाताने मोडून पालेभाजीबरोबर खातात. तिचेच आंबवलेले ओशिकुंडू हे पेय उन्हात फार बरे वाटते. सोलापूर-नगरकडच्या माणसाला हे जेवण परके वाटणार नाही. शेजारच्या टोपल्यांतल्या वाळवलेल्या अळ्याही खाण्यासाठीच असतात, त्या पाहून तोंड वाकडे करू नये. घेरदार झगा आणि शिंगांसारखी दोन टोके असलेले शिरस्त्राण घातलेल्या हेरेरो स्त्रिया भेटल्या, तर छायाचित्रापूर्वी परवानगी विचारावी आणि नकार मिळाला तर आग्रह धरू नये.

परतताना गोरेआंगाब धरणाकाठी पेंडुका हे स्त्रियांचे हस्तकलाकेंद्र आहे. भरतकाम केलेल्या चादरी आणि काचेचे मणी तिथे मिळतात.

पाणी

‘नळाचे पाणी प्यावे का?’ या प्रश्नाचे उत्तर प्यावे असे आहे, आणि त्यामागची हकिकत जाणून घेऊन प्यावे. विंडहोकच्या शेकडो किलोमीटरच्या परिसरात बारमाही नदी नाही. उत्तरेची ओकावांगो आणि दक्षिणेची ऑरेंज या नद्या सुमारे सातशे किलोमीटर दूर आहेत. धरणे आहेत, पण ती पावसावर अवलंबून. त्यामुळे १९६८ साली या शहराने गोरेआंगाब इथे सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या नळात सोडणारे केंद्र सुरू केले; असे करणारे ते जगातले पहिले शहर. २००२ मध्ये तिथे दिवसाला २१,००० घनमीटर क्षमतेचे नवे केंद्र उभे राहिले. कारखान्यांचे सांडपाणी वेगळे ठेवले जाते, फक्त घरगुती पाणी घेऊन त्यावर ओझोन, वाळूचे गाळणे, सक्रिय कोळसा, अतिसूक्ष्म पडदे आणि शेवटी क्लोरिन अशा प्रक्रिया एकामागून एक होतात, आणि मग ते धरणाच्या पाण्यात मिसळून घरोघर जाते. कल्पनेने अंगावर काटा येत असेल तर एवढेच लक्षात घ्यावे, की गावातली माणसे अर्धशतकाहून अधिक काळ हेच पाणी पीत आहेत. बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. मात्र अंघोळ आटोपशीर करावी, दुष्काळी वर्षांत गेस्ट हाउसमध्ये तशी विनंती लावलेलीच असते.

जेवण

हा मांसाहारी देश आहे. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर ताटात चिकन किंवा मासा येण्याची शक्यता असते, म्हणून मटण, चिकन, मासा यातले काहीही नको असे एकेक नाव घेऊन सांगावे. विंडहोकमध्ये भारतीय उपाहारगृहे आहेत, पिझ्झा-पास्ता सर्वत्र मिळतो, आणि मोठ्या सुपरमार्केटमध्ये डाळी, तांदूळ, दही व ताज्या भाज्या मिळतात. खरी अडचण शहर सोडल्यावर सुरू होते. त्यामुळे शाकाहारी मंडळींनी पुढच्या आठवड्याचा किराणा इथेच भरून, स्वयंपाकाची सोय असलेल्या मुक्कामांची निवड करावी. घरून मेतकूट, चटण्या, भाजणी असे कोरडे पदार्थ नेले तर विमानतळावर विचारल्यास स्पष्ट सांगावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. उपाहारगृहात दहा टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे.

गाडी घेऊन निघताना

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी ताब्यात घ्यावी, निघण्याच्या सकाळी नव्हे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढून आणलेला असावा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवावा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, ही सोय मोठी आहे. कंपनीच्या आवारात सगळ्या बाजूंचे चित्रीकरण करून घ्यावे, जॅक प्रत्यक्ष लावून पाहावा, जादा चाके दोन मागावीत आणि त्यांतली हवा तपासावी. विम्याच्या कागदात टायर, काच आणि वाळूने होणारे नुकसान धरले आहे का, तसेच दुसरे वाहन न धडकता गाडी आपणहून उलटली तर भरपाई मिळते का, हे बोटाने दाखवून विचारावे. खडीच्या रस्त्यांवर पर्यटकांचे अपघात बहुतांशी याच प्रकारचे असतात. डांबरी महामार्गावर मर्यादा ताशी १२० किलोमीटर असली, तरी खडीवर ८० च्या पुढे जाऊ नये आणि वळणावर एकदम ब्रेक दाबू नये. खडीवर टायरमध्ये हवा किती ठेवायची, तो आकडा कंपनीच्या माणसाकडून लिहून घ्यावा.

पेट्रोलची टाकी निम्मी झाली की भरण्याची सवय लावावी, आणि कार्डाचे यंत्र बंद असू शकते म्हणून रोकड हाताशी ठेवावी. पंपावर तेल भरणारा काचही पुसून देतो, त्याला थोडे सुटे द्यावेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड गावाचा साडेतीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता पूर्ण डांबरी आहे. सोसुसफ्लेकडचे अंतर जवळपास तेवढेच, पण बराचसा रस्ता खडीचा, त्यामुळे तिकडे जायचे असेल तर सकाळी आठच्या आत शहर सोडावे. शहराच्या वेशीवर पोलिसांची नाकी असतात. तिथे थांबण्याच्या पाटीपाशी गाडी पूर्ण उभी करावी, पोलिसाने हाताने खूण केल्याखेरीज पुढे सरकू नये, आणि पट्टा सर्वांनी लावलेला असावा. परवाना व पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत न ठेवता वरच्या खिशात ठेवले, की दोन मिनिटांत सुटका होते.